पट्ट्यावरची उसंत

न्हाव्याच्या धोकटीतल्या प्रत्येक वस्तूची गिऱ्हाइकाशी कुठे ना कुठे ओळख होते. कात्री कानाशी कुजबुजते, फणी डोक्याचे चढउतार जाणून घेते, नराणी नखांचा समाचार घेते, चिमटा नाकातल्या एखाद्या चुकार केसाला बाहेरचं जग दाखवतो, आणि आरसा तर काय, सगळं पार पडल्यावर हे आपणच केलं अशा थाटात समोर येऊन उभा राहतो. एकटा चामड्याचा पट्टा असा, की जो कधी कुणाच्या गालाला लागत नाही, हनुवटीला नाही, मानेला नाही. हातभर लांब, तीनेक बोटं रुंद, वर्षानुवर्षांच्या घासण्याने काळा पडलेला आणि मधोमध तुळतुळीत झालेला हा कातड्याचा तुकडा दिवसभर एकट्या वस्तऱ्याशी बोलत असतो. दाढी झाली की माणूस गालावरून हात फिरवतो आणि वस्तऱ्याचं कौतुक करतो. फारच दिलदार असला तर वस्तरा धरणाऱ्या हाताचं. पट्ट्याला कुणी शाबासकी दिलेली माझ्या ऐकण्यात नाही. त्याला तिची अपेक्षा असावी असंही वाटत नाही. तो आपला एका टोकाला खिळ्यात अडकलेला आणि दुसऱ्या टोकाला मुठीत धरलेला, असा कायम ताणात जगतो आणि तरीही मऊ राहतो. हे जमलेली माणसंसुद्धा मी फार पाहिलेली नाहीत.

ही उपेक्षा तशी जुनीच. संत सेना न्हावी यांनी आपल्या व्यवसायावर जो प्रसिद्ध अभंग रचला, त्यात आरसा विवेकाचा झाला, चिमटा वैराग्याचा झाला, डोईवर चोळायच्या पाण्याला शांतीची योग्यता आली, शेंडी अहंकाराची ठरली आणि पिळली गेली. बगला आणि नखंसुद्धा परमार्थाला लागली. पट्टा मात्र त्या दिंडीत कुठे दिसत नाही. आता सेनामहाराजांना आपल्या हत्यारांचा विसर पडेल हे काही खरं नव्हे. मला वाटतं, हात ज्याच्यावर न बघता चालतात ते शब्दांत यायचं राहूनच जातं. शिवाय पट्ट्याला उपमा तरी कशाची द्यायची? विवेक, वैराग्य, शांती ही सगळी मोठ्या घरची मंडळी. पट्ट्याचा गुण कुठल्याच पोथीत बसत नाही. दुसऱ्याची धार सरळ करायची आणि आपण कुणाला कापायचं नाही, या गुणाला संस्कृतात काय म्हणतात कोण जाणे.

पण कथेत त्याची भरपाई झाली आहे, फक्त ती कुणी मोजलेली नाही. राजाचं बोलावणं आलं तेव्हा सेनामहाराज पूजेत दंग होते. मग पांडुरंगच त्यांचं रूप घेऊन, काखेला धोकटी मारून राजाकडे गेला, त्याची हजामत केली, आणि पुढे तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसलं. कीर्तनकार त्या वाटीपाशी थांबतात, टाळ वाजतात, श्रोते डोळे पुसतात. माझं मन मात्र वाटीच्या थोडं अलीकडे रेंगाळतं. राजाच्या गळ्याला वस्तरा लावायचा म्हणजे तो आधी पट्ट्यावरून फिरवायलाच हवा; यातून देवालाही सूट नाही. एका हाताने पट्टा ताणून धरायचा आणि दुसऱ्याने वस्तरा चालवायचा. म्हणजे युगानुयुगं कमरेवर ठेवलेले दोन्ही हात त्या दिवशी एकदम खाली आले असणार. देवाने जनाबाईसाठी जातं ओढलं, चोखोबांसाठी ढोरं ओढली आणि सेनांसाठी पट्टा ओढला. चमत्कार वाटीतलाच मानायचा असेल तर मानावा. मला त्याआधीच्या दोन-चार फेऱ्याही पुरतात.

मी असा पट्टा पाहिला तो आमच्या गावात, शेळगावात; ते इंदापूर तालुक्यातलं. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे अशी गावं मागे टाकत शेळगावचा फाटा येतो. हा सगळा मुलूख उसाचा, त्यामुळे धारेचा. गळीत हंगामात ऊसतोड्यांचे कोयते कानशीवर आणि दगडावर घासण्याचा आवाज पहाटेच्या थंडीत फडाफडातून येतो; तो ऐकूनच दात शिवशिवतात. कोयत्याची धार रांगडी, दोन दिवस टिकली तरी पुष्कळ, आणि बोथटली तरी मनगट तिची उणीव भरून काढतं. दुसऱ्या अंगाला, हाकेच्या अंतरावर म्हणावं असं वालचंदनगर; तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांसाठीचे मोठाले पोलादी भाग तयार होतात. तिथलं माप केसाइतक्याही चुकीला माफ करत नाही. एकीकडे कोयता, दुसरीकडे अग्निबाण, आणि या दोन टोकांच्या मधोमध, माझ्या लहानपणी, लिंबाखाली पोतं अंथरून आबा बसलेले. गावातले लहानथोर सगळे त्यांना आबाच म्हणत. त्यांचा पट्टा लिंबाच्या खोडातल्या खिळ्याला अडकवलेला असे. तो खिळा झाडाने इतका आपलासा केला होता की त्याचं डोकं तेवढं बाहेर उरलं होतं.

आबांच्या पुढ्यात डोकं देणं हा एक स्वतंत्र अनुभव होता. आम्हां पोरांची मुंडी ते दोन गुडघ्यांच्या चिमट्यात धरत, त्यामुळे बालपणीचं माझं बरंचसं जग आबांच्या धोतराच्या काठाएवढंच होतं. दिसत काही नसल्यामुळे ऐकू मात्र सगळं येई. त्यात पट्ट्याचा आवाज मला फार आवडायचा. वस्तरा खिळ्याकडे जाताना एक लांबट सुस्कारा, टोकाला क्षणभर शांतता, परत येताना आणखी एक सुस्कारा. सिनेमात दाखवतात तसली घाईची फटफट त्यात नव्हती. आबा सुरुवातीला नुसता तळहात पट्ट्यावरून दोनदा फिरवत, जणू रात्रभर टांगून ठेवल्याबद्दल त्याची समजूत काढत आहेत. बाहेरगावी हाकेला जायचं असेल आणि पट्टा जवळ नसेल, तर तोच तळहात पट्ट्याच्या जागी येई आणि वस्तरा त्याच्यावरून वरखाली फिरे. ते बघताना आमचा श्वास अडके. आबांचं बोलणं अडकत नसे.

या फिरवण्याचं शास्त्र मला फार उशिरा कळलं. सहाणेवर वस्तरा धार पुढे करून चालतो, म्हणजे दगडाला जणू कापत जातो, आणि त्या कापण्यात पोलाद थोडं थोडं झिजतं. पट्ट्यावर सगळं उलटं. तिथे पाठ पुढे आणि धार मागे. पाठ वाट काढते आणि धार तिच्या मागून निमूट सरकते. धार पुढे करून गेलात तर पट्ट्याचेच दोन तुकडे. टोकाला पोचल्यावर वस्तरा उलटायचा तोही पाठीवर लोळवून. धारेवर उलटला की आधीची सगळी मेहनत पाण्यात. पट्टा ढिला सोडला तर त्याच्या झोळात धार गोलावते, आणि गोल धारेने दाढी होत नाही, फक्त माणूस सोलला जातो. सहाण कधीतरी महिन्या-दोन महिन्यांनी. पट्टा प्रत्येक दाढीच्या आधी, आणि दाढी राठ असेल तर मध्येही. उडालेला कपचा पट्टा भरून काढू शकत नाही, ते काम दगडाचंच. पण डोळ्यांना न दिसणारी, लवलेली, कलंडलेली कड तो पुन्हा सरळ उभी करतो, आणि तेही पोलादाकडून जवळपास काही न घेता.

आता कुणी विचारील की पोलादासारखं पोलाद, ते दाढीच्या केसाने लवतंच कसं? हा प्रश्न लिंबाखाली कुणाला पडला नव्हता, पण अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांना पडला आणि २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचं उत्तर छापून आलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पटींनी मऊ. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर धारेचे कपचे उडालेले दिसतात. केस ताठ उभा राहून कापला गेला तर धारेचं फारसं बिघडत नाही. पण तो वाकून कापला गेला, आणि पोलादाच्या अंतरंगात जिथे एकसारखेपणा नाही नेमकी ती जागा त्याच्या वाट्याला आली, तर बारीक कपचा निघतो. थोडक्यात, ताठ उभ्या राहणाऱ्यापेक्षा वाकणारा जास्त त्रास देतो. आमच्या तालुक्यात सोसायटीच्या निवडणुका लढवलेल्या कुठल्याही माणसाने हा निष्कर्ष सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगितला असता.

पण पट्ट्याची खरी थोरवी मला पोलादात दिसत नाही. ती त्या वेळात आहे. दाढीची रचनाच अशी की बोलायची सत्ता एकाच पक्षाकडे असते. वस्तरा गळ्याच्या घाटीवर असताना गिऱ्हाइकाला मत नसतं. असलं तरी ते घाटीच्या खाली गिळावं लागतं. “औंदा उसाची पयली उचल बरी देतुय म्हणत्यात कारखाना, अण्णा,” असं आबा म्हणत, आणि आयुष्यभर साखर कारखान्याशी भांडलेले अण्णा डोळे मिटून “हं” म्हणत. आबा गावाबद्दल, पावसाबद्दल, कुणाच्या सोयरिकीबद्दल एकेक विधान करत जात आणि साबणाच्या फेसाआडून सगळ्याला अनुमोदन मिळत जाई. ठराव इतक्या एकमताने मंजूर होताना मी पुढे ग्रामसभेतही पाहिले नाहीत.

आणि मग वस्तरा पट्ट्याकडे वळे. तेवढ्यात अण्णा मान सरळ करत, एका गालावर फेस तसाच ठेवून, दबलेलं सगळं एका दमात बाहेर काढत. “कसली बरी, आबा? काट्यावरच मारत्यात, उचल काय घिऊन बसलाईस?” आबा पाठमोरे, पट्ट्याशी बोलत असल्यासारखे. सुस्कारा जातो, सुस्कारा येतो. या मधल्या वेळात वस्तरा गिऱ्हाइकापासून दोन हात लांब असतो, त्याची धारही गिऱ्हाइकाकडे नसते, आणि न्हाव्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. दोन माणसांनी खरं बोलावं अशी याहून सुरक्षित व्यवस्था मला तरी माहीत नाही. त्या अर्ध्या-एक मिनिटात अण्णांचं मत नोंदलं जाई, आबांचं थोडं बदले, आणि वस्तऱ्याबरोबर बोलण्याचीही कलंडलेली कड सरळ होऊन दोघे पुन्हा कामाला लागत. अर्थात पट्टा आबांच्या हातात होता, त्यामुळे उसंत किती द्यायची हे तेच ठरवत. बोलणं रंगलं की वस्तऱ्याला उगाचच चार फेऱ्या जास्त मिळत, आणि विषय आबांच्या भावकीकडे वळू लागला की धार दोन फेऱ्यांतच लागे. सभापतीला घंटा द्यावीच लागते, त्याला इलाज नाही.

या पट्ट्याचं कूळ शोधायला गेलं की मात्र हसू थोडं मागे सरतं. कातडं बाभळीच्या सालीच्या पाण्यात कमावायचं, कुजका वास अंगभर वागवायचा, खरवडायचं, वाळवायचं, आणि मग त्यातला एकसारखा, डाग नसलेला पट्टा काढायचा, हे सगळं ज्या हातांनी केलं त्या हातांची घरं गावाच्या कडेला होती. जुन्या रीतीप्रमाणे ज्यांच्या डोक्याला गावचा वस्तरा लावत नसत, त्यांत हे हातही आले. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं. बलुत्यांच्या गावाची वीण कशी होती आणि ती कुठे काचत होती, ते त्यात वाचायला मिळतं. पण हा एक विनोद गावगाड्याच्या आऱ्यांमध्ये कुठेतरी अडकूनच राहिला असावा. वस्तरा दिवसातून दहा वेळा त्या कातड्याला अंग घासून येई आणि थेट पाटलाच्या गालावर चढे. तेव्हा कुणाला काही बाधत नसे. पट्टा चालत होता, पट्ट्याचा कर्ता चालत नव्हता. बलुत्याच्या दिवसांचे गोडवे गाताना, खळ्यावर मिळणाऱ्या ज्वारीच्या पेंढ्यांवर वर्ष काढणाऱ्या आबांच्या घरालाही एकदा विचारावं. पट्ट्यावरची उसंत निवांत होती, कारण तिचे वेगळे पैसे त्यांना कधीच मिळत नव्हते.

म्हणून या धंद्याच्या इतिहासातली मला सगळ्यांत प्रिय गोष्ट धार असूनही न चाललेल्या वस्तऱ्याची आहे. १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली. ती भरवण्यात ‘दीनबंधु’चे संपादक, महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. विधवांच्या डोक्यावर यापुढे वस्तरा चालवायचा नाही, असं त्या सभेने ठरवलं. शतकानुशतकं घरोघरीच्या माजघरांत, मुकाट रडणाऱ्या बायकांच्या मस्तकांवरून फिरलेला तो वस्तरा, आणि तो धरणाऱ्यांनीच म्हटलं की आता बस्स. मिळकत बुडणार हे ठाऊक असूनही म्हटलं. मोठमोठ्या सुधारकांच्या निबंधांना जे पटवता येत नव्हतं, ते हातावर पोट असलेल्या कारागिरांना पटलं होतं. त्या सभेला जमलेले हात रोज किती वेळा वस्तरा पट्ट्यावरून नेत असतील, आणि त्या उसंतीत त्यांच्या कानांवर घराघरांतलं काय काय पडलं असेल, याचा विचार केला की तो ठराव मला अचानक झालेला वाटत नाही.

पट्ट्याचे दिवस भरत आले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थांना धार राखण्याचा कंटाळा होता. वापरा आणि टाका, असं पातळ पातं त्यांनी काढलं. १९०३ साली त्यांची ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. एवढ्या विक्रीवर आमच्याकडे टपरीही चालली नसती. पण १९०४ साली त्यांना पेटंट मिळालं, पुढे महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांच्या पिशव्यांत आणि खिशांत ते रेझर गेलं, आणि पाहता पाहता जगभरच्या न्हाणीघरांतला पट्टा खिळ्यावरून उतरला. आपल्याकडे सलूनमध्ये वस्तरा टिकला, पण त्याच्या पोटात अर्धी मोडलेली ब्लेड आली. एड्सची जाणीव गावोगाव पोचल्यावर “नवी ब्लेड टाका” हे वाक्य खुर्चीत बसता बसताच उच्चारायची सवय सगळ्यांना लागली. ती सवय योग्यच आहे. एकाच वस्तऱ्याने सगळ्या गावाची दाढी करण्याच्या काळात परत जावं, असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी कुणी गळा पुढे करू नये.

नव्या ब्लेडने धार दिली, स्वच्छता दिली, वेळ वाचवला. फक्त गिऱ्हाइकाची बोलायची पाळी तेवढी काढून घेतली. आता सलूनमध्ये भिंतीवरचा टीव्ही एकसारखा बोलतो, आरशांच्या तीन बाजूंनी आपलीच तोंडं गप्प बसलेली दिसतात, आणि दाढी सुरू झाली की मान डावी, मान उजवी, तुरटी, संपलं. टीव्हीवरच्या मंडळींना कुणी पट्ट्याकडे पाठवत नाही, म्हणून ते दिवसभर गळ्याच्या घाटीवरच बोलत असतात.

तरी उसंत पार गेलेली नाही. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी आमच्याच रस्त्याने जाते. काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात, बेलवाडीला अश्व धावतो, आणि वाटेत ठिकठिकाणी नाभिक मंडळी खुर्च्या मांडून वारकऱ्यांची दाढी-कटिंग मोफत करतात. गर्दी इतकी की हात थांबायला फुरसत नसते. पण प्रत्येक माणसामागे ब्लेड बदलावीच लागते. जुनी काढायची, नवीचा कागद सोडायचा, मोडायची, बसवायची. तेवढ्यात दाढी करणारा विचारतो, “कुठलं गाव, माउली?” आणि पुढचा म्हातारा मराठवाड्यातल्या आपल्या गावाचं नाव सांगून, जमलंच तर पेरणीची बातमीही देऊन टाकतो. पट्टा गेला, पण त्याची जागा या मंडळींनी राखून ठेवली आहे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा “नवी ब्लेड टाका” म्हणून डोळे मिटून घेऊ नका. ती बदलायला दहा-पंधरा सेकंद लागतात. उसाच्या उचलीपासून देशाच्या कारभारापर्यंत तुमचं जे काही म्हणणं असेल ते तेवढ्यात सांगून टाका, आणि समोरच्याचंही ऐकून घ्या. नंतर गळ्यावर धार असेल, आणि तुम्हांला फक्त “हं” म्हणता येईल.